ॲम्बॅसेडर १४८९ सीसी: इग्निशन टायमिंगच्या प्रकल्प नोंदी, नागपूर

१२ एप्रिल, शनिवार

गाडी: ॲम्बॅसेडर, १४८९ सीसी पेट्रोल, सोलेक्स कार्ब्युरेटर, पॉइंटवाला (कॉइलचा करंट उघड-मीट करून स्पार्क पाडणाऱ्या संपर्कांचा) ल्युकस पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर.

तक्रार: पिकअप नाही. वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलाच्या चढावर तिसरा गिअर टाकावा लागतो. व्हरायटी चौकात दोन सिग्नल अडकले की पाण्याचा काटा चढतो. नॉकिंग, म्हणजे ओझ्याखाली इंजिनाची टकटक, मात्र अजिबात नाही.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे. उन्हाळा लागला, टकटक ऐकू आली की गॅरेजात डिस्ट्रिब्युटर थोडा मागे फिरवून देतात आणि आवाज बंद होतो. पण टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, मागे गेले की सिलेंडरमधले मिश्रण उशिरा पेटते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळत राहते. जी ताकद पिस्टनला मिळायची ती सिलेंडरच्या भिंतीत, हेडमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणजे नॉकिंग थांबते आणि पाणी उकळायला लागते. मग रेडिएटर साफ होतो, थर्मोस्टॅट काढून फेकला जातो, मूळ कारण मात्र तिथेच राहते.

आजचे मोजमाप फक्त नोंदीसाठी, काहीही न हलवता. स्टॅटिक (इंजिन बंद ठेवून) टायमिंग टेस्ट लॅम्पने: टायमिंग कव्हरच्या टोकाप्रमाणे टीडीसीनंतर (पिस्टन अगदी वर असतो त्या बिंदूनंतर) १ अंश. ड्युटी सायकल दाखवणाऱ्या मल्टिमीटरवर पॉइंट मिटलेले राहण्याचे प्रमाण ७५ टक्के. चार सिलेंडरला प्रत्येकी ९० अंश मिळतात, म्हणून ७५ टक्के म्हणजे ६७.५ अंश ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तेवढे अंश). हवे ६० अधिक-उणे ३, म्हणजे साधारण ६७ टक्के. मीटरच्या पिना उलट लावल्या तर तोच आकडा ३३ दिसतो, दचकू नये.

१३ एप्रिल, रविवार

टायमिंगला हात लावण्याआधीची कामे.

कॉम्प्रेशन: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, कॉइलची मधली वायर काढून अर्थला. ११८, १२०, ११५, ११९ पीएसआय. सगळे एकमेकांच्या जवळ, एवढे पुरे. एखादा सिलेंडर २०–२५ ने कमी असता तर पुढचे काम इथेच थांबवले असते, कारण गळका व्हॉल्व्ह टायमिंग फिरवून भरून निघत नाही.

टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप): ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी, गरम इंजिनवर. या इंजिनाला नऊचा हिशेब चालतो. ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला असताना १ नंबर सेट करायचा, ६ दबलेला असताना ३, ५ दबलेला असताना ४. बेरीज नेहमी ९. प्लग काढलेले असल्याने पुढच्या हँडलने क्रँक एका हाताने फिरते. तीन टॅपेट घट्ट निघाले, दोन ढिले.

प्लग: चारही पांढुरके, काजळीचा पत्ता नाही. नोंद करून ठेवली, पुढे कामाला येईल. गॅप ०.६४ मिमी.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंती, स्पेअर पार्ट्सची दुकाने बंद. डिस्ट्रिब्युटर उतरवून टेबलावर घेतला.

उतरवताना क्लॅम्प प्लेटचा पिंच बोल्ट सोडायचा नाही. प्लेट डिस्ट्रिब्युटरवर घट्ट ठेवून ब्लॉककडचे दोन स्क्रू काढायचे. मग परत बसवताना टायमिंग जिथे होते तिथेच येते. खालचा ड्राइव्ह डॉग मध्यापासून सरकवलेला असतो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर एकाच बाजूने बसतो. जोर लावून दुसऱ्या बाजूने बसवू नये, बसणारच नाही.

सापडलेले:

रोटर बोटाने फिरवून सोडला की स्प्रिंगने झटकन परत यायला हवा. हा अर्ध्यावर अडकत होता. बेस प्लेट काढली, खाली, वेग वाढला की टायमिंग पुढे सरकवणाऱ्या (ॲडव्हान्स देणाऱ्या) वजनांच्या खिळ्यांवर जुने ग्रीस डांबरासारखे घट्ट झालेले. केरोसिनने धुतले, प्रत्येक खिळ्यावर पातळ मशीन तेलाचा एक थेंब. ग्रीस नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात ते पुन्हा तसेच होते.

दोन स्प्रिंगपैकी एक बारीक आणि ताणलेली, दुसरी जाड आणि तिचा कान लांबट, सैल. सैल कान हा दोष नाही! जाड स्प्रिंग ठरावीक आरपीएमनंतरच कामाला लागावी म्हणूनच तो तसा असतो. हा कान पकडीने दाबून ‘नीट’ केलेले डिस्ट्रिब्युटर बरेच दिसतात. त्यांच्यात वरच्या आरपीएमला ॲडव्हान्स मिळतच नाही.

बेस प्लेटपासून बॉडीला जाणारी विणलेली अर्थ वायर: बाहेरून शाबूत, आतून तीन-चार तार उरलेले. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे प्लेट सतत हलते आणि वायर वाकून वाकून तुटते. अशी गाडी कधी मिस मारते, कधी मारत नाही, आणि कॉइल बदलून पैसे जातात. नवी मऊ वायर सोल्डर केली.

व्हॅक्यूम युनिट: नळी तोंडाने ओढून जिभेने बंद केली. प्लेट सरकली आणि दहा सेकंद तिथेच राहिली. डायफ्रॅम चांगला.

शाफ्टला आडवा खेळ: रोटर बाजूला ढकलून पाहिला, अगदी थोडा हलतो. कॅमच्या चार लोबवर (उंचवट्यांवर) गॅप किती बदलतो ते पॉइंट बसल्यावर मोजू.

१९ एप्रिल, शनिवार

पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप आणले.

जुन्या पॉइंटचा गॅप ०.२५ मिमी निघाला. एका टोकाला खड्डा, समोरच्यावर टेकडी. अशा पॉइंटमध्ये सपाट फीलर गेज घातले की ते टेकडीवर टेकते आणि खोटा, कमी गॅप दाखवते. घासून पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. खड्डा-टेकडी लवकर होत असेल तर कंडेन्सर तपासावा. नवा कंडेन्सर मोजला: ०.२२ मायक्रोफॅरड, या प्रकाराला साधारण ०.२ लागते. ‘नवा’ म्हणून बसवायच्या आधी मोजणे इथे जास्त गरजेचे आहे, कारण थंड असताना चांगला असलेला कंडेन्सर गरम झाल्यावर उघडतो. हेअर ड्रायरने दोन मिनिटे तापवून पुन्हा मोजला, आकडा तोच.

कॉइल: प्रायमरी ३.२ ओम. बॅलास्ट रेझिस्टर नसलेल्या १२ व्होल्टच्या सिस्टिमला योग्य. दीड ओमची कॉइल चुकून लावलेली असती तर नवे पॉइंट काही दिवसांत जळाले असते.

नवे पॉइंट बसवण्याआधी दोन्ही टोकांवरचा संरक्षक तेलाचा थर पेट्रोलच्या फडक्याने पुसला. हे राहून गेले की गाडी सुरूच होत नाही आणि शोध भलतीकडे चालतो. स्प्रिंगच्या बाजूला फायबर वायसरांचा क्रमही पाहावा: कंडेन्सरची आणि कॉइलची दोन्ही टर्मिनल स्प्रिंगला लागली पाहिजेत, खिळ्याला किंवा प्लेटला अजिबात नाही. लागली तर पॉइंट कायमचे बंद असल्यासारखे, स्पार्क शून्य.

फायबर टाच लोबच्या माथ्यावर आणून गॅप ०.३८ मिमी. चार लोबवर: ०.३८, ०.३९, ०.३७, ०.४०. फरक ०.०३ मिमी, चालण्यासारखा. कॅमवर ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढेच, कॅम फिरतो त्या दिशेने टाचेच्या आधी. रोटरखालच्या स्क्रूवर तेलाचे दोन थेंब.

डिस्ट्रिब्युटर जागेवर बसवून मोजले: ड्युटी ६७ टक्के, ड्वेल ६० अंश. आणि स्टॅटिक टायमिंग, डिस्ट्रिब्युटर तसूभरही न फिरवता, टीडीसीआधी साडेसहा अंश! १२ तारखेला तेच टीडीसीनंतर १ होते.

हे गणित प्रत्येकाने एकदा कागदावर करावे. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि उशिरा मिटतात. ड्वेल साडेसात अंशांनी घटला, त्यातला अर्धा उघडण्याच्या बाजूला गेला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे पावणेचार अंश. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर साडेसात. थोडक्यात ड्वेल १ अंश घटला की टायमिंग १ अंश पुढे. म्हणून क्रम नेहमी गॅप आधी, टायमिंग नंतर. उलटे केले तर टायमिंग दुसऱ्यांदा करावे लागते, आणि बहुतेक जण ते करत नाहीत.

२० एप्रिल, रविवार, सकाळ

खरी टीडीसी शोधणे.

या इंजिनावर टायमिंगची टोके खालच्या अंगाला, कव्हरच्या पत्र्याला. गाडीखाली झोपून किंवा आरसा धरून दिसतात. लांब टोक टीडीसी, त्याच्या शेजारची ५ आणि १० अंश. पुलीवर एक खाच. पत्र्याचे टोक बेल्ट बदलताना एका ठोक्यात वाकते, म्हणून त्यावर विश्वास ठेवण्याआधी ते तपासले.

प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून टीडीसी बघण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही. वरच्या टोकाजवळ क्रँक ५ अंश फिरली तरी पिस्टन जेमतेम ०.२ मिमी हलतो. हाताला ते कळणे शक्य नाही.

पिस्टन स्टॉप असा केला: जुन्या १४ मिमी प्लगचे चिनी मातीचे पोट फोडून काढले, उरलेल्या लोखंडी कवचात बोल्ट बसवला, टोक कानशीने गोल केले. बॅटरीची वायर काढली. चुकून सेल्फ लागला तर पिस्टनला भोक. पहिल्या सिलेंडरमध्ये स्टॉप घट्ट बसवून हँडलने हळू घड्याळाच्या दिशेने फिरवले, पिस्टन टेकला, लांब टोकासमोर पुलीवर खूण. मग उलट दिशेने टेकेपर्यंत, दुसरी खूण. या स्टॉपवर पिस्टन टीडीसीच्या साधारण १४ मिमी खाली थांबतो. दोन खुणांमधले अंतर दोऱ्याने ९६ मिमी. मध्य ४८ वर. तीच खरी टीडीसी.

खाच मध्यावर नव्हती. फिरण्याच्या दिशेने पाहता मध्याच्या अडीच मिमी मागे होती.

पुलीचा घेर दोऱ्याने ४०८ मिमी, म्हणजे १ अंशाला १.१३ मिमी. अडीच मिमी म्हणजे २.२ अंश. टोक फिरण्याच्या दिशेने वाकले आहे, त्यामुळे खाच टोकाशी येते तेव्हा पिस्टन टीडीसी ओलांडून गेलेला असतो. १२ तारखेला ‘टीडीसीनंतर १’ वाटलेले टायमिंग खरे तर ३ अंश नंतर होते. पाणी का तापत होते ते इथे कळते.

टोक सरळ करण्याच्या भानगडीत पडलो नाही, जुना पत्रा तुटतो. पुलीच्या मध्यबिंदूवर कानशीने बारीक नवी रेघ मारून पांढरा रंग भरला, जुनी खाच काळ्या रंगाने झाकली. ५ आणि १० ची टोकेही आता भरवशाची नाहीत, म्हणून नव्या रेघेपासून पुली फिरते त्या अंगाला ५.७ मिमीवर ५ अंश, ११.३ वर १०, २२.७ वर २०, ३४ वर ३०. सगळ्या खुणा लांब टोकासमोर वाचायच्या. आपली पुली वेगळी असेल तर घेर स्वतः मोजून ३६० ने भागावे.

२० एप्रिल, संध्याकाळ

स्टॅटिक सेटिंग. कॉम्प्रेशनच्या फरकाप्रमाणे या इंजिनाच्या मॉडेलांचे आकडे वेगळे आहेत, आपल्या मॉडेलच्या पुस्तकातला घ्यावा. इथे सुरुवात खऱ्या ५ अंशांपासून.

व्हर्नियरचा (टायमिंग बारीक सरकवायचा) खाचदार नट आधी पट्टीच्या मध्यावर आणला. हे विसरले तर पुढे बारीक फेरफाराला एका बाजूला जागाच उरत नाही.

पहिला सिलेंडर कॉम्प्रेशनवर: त्याचे दोन्ही रॉकर ढिले, चौथ्याचे दोन्ही हलत्या अवस्थेत. रोटर पहिल्या वायरीकडे. क्रँक ५ च्या खुणेच्या मागे नेऊन फिरण्याच्या दिशेनेच खुणेवर आणली. खूण ओलांडली तर थोडे मागे आणून थांबायचे नाही, पाव फेरा मागे जाऊन पुन्हा यायचे. नाहीतर टायमिंग चेन आणि गिअरचा खेळ मापात येतो.

१२ व्होल्टचा छोटा बल्ब, एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या टर्मिनलला, दुसरी अर्थला. चावी ऑन. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद, उघडले की पेटतो. पिंच बोल्ट सैल करून बॉडी घड्याळाच्या उलट दिशेने बल्ब विझेपर्यंत, मग घड्याळाच्या दिशेने अगदी हळू, बल्ब पेटला तिथे थांबायचे. या इंजिनात रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की ॲडव्हान्स. बोल्ट बेताने आवळला. जास्त आवळला की क्लॅम्प प्लेट वाकते आणि नंतर डिस्ट्रिब्युटर स्वतःच फिरतो. क्रँक दोन फेरे फिरवून पुन्हा तपासले, ५ च्या खुणेवरच पेटतो.

चावी ऑन आणि पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून सतत करंट जातो. दोन-तीन मिनिटांच्या वर ठेवू नये.

वायरी: १-३-४-२, घड्याळाच्या उलट. घड्याळाच्या दिशेने लावल्या तर २ आणि ३ ची अदलाबदल होते. इंजिन दोनच सिलेंडरवर थरथरत चालते आणि कार्ब्युरेटरमधून फटाके. टायमिंग चुकले समजून डिस्ट्रिब्युटर फिरवत बसण्याआधी वायरी पाहाव्यात.

२१ एप्रिल, सोमवार, रात्र

स्ट्रोब दिव्याने (दर स्पार्कला लखलखणाऱ्या) चालू इंजिनावर तपासणी. दिवसा नागपूरच्या उजेडात खूण दिसत नाही, रात्री आठनंतर घेतले. सावध: स्ट्रोबच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो. बाही, वायर, हात लांब.

व्हॅक्यूम नळी काढून तोंड बंद. स्टँडिंग (आयडल) ६०० आरपीएमला ६ अंश, १५०० ला १४, २५०० ला २४, ३००० ला २७, पुढे वाढत नाही. खूण एका जागी स्थिर, इकडेतिकडे नाचत नाही. नाचली असती तर शाफ्टचा बुश. धुण्याआधी हेच वजन अर्ध्यावर अडकत होते, तेव्हा ३००० ला काय मिळत असेल याचा अंदाज करावा.

नळी लावली की १५०० ला हलक्या रेसवर खूण आणखी पुढे सरकते. व्हॅक्यूम चालू आहे.

२७ एप्रिल, रविवार

रस्त्यावर. पद्धत: टॉप गिअर, ४० किमी वेग, चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण. ओझ्याखाली किंचित टकटक येऊन वेग वाढताच विरली तर टायमिंग बरोबर. काहीच आवाज नसेल तर मागे आहे. खडे हलवल्यासारखा आवाज टिकून राहिला तर पुढे.

सकाळी साडेसहा, सेमिनरी हिल्सचा चढ: किंचित, लगेच बंद. उड्डाणपूल टॉप गिअरमध्ये चढली.

दुपारी अडीच, तोच चढ, पोर्चमधला थर्मामीटर ४२. टकटक ६० किमीपर्यंत टिकली. पाण्याचा काटा मात्र एप्रिलच्या सुरुवातीपेक्षा खाली.

इथेच नेहमीची चूक होते. व्हर्नियर ‘आर’ कडे २२ क्लिक दिले, ११ क्लिकला १ अंश या हिशेबाने २ अंश मागे. टकटक गेली, पिकअपही गेला. २२ क्लिक परत. प्लग काढले: पुन्हा पांढरे. मिश्रण पातळ आहे.

१ मे, गुरुवार

कारण पेट्रोलमध्येच. पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा, याला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटरला हे ठाऊक नाही, तो जुन्याच प्रमाणात मिसळतो आणि मिश्रण पातळ पडते. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हे खरे, पण पातळ मिश्रण आणि बॉनेटखालची तापलेली हवा त्या फायद्यातला बराच भाग खातात.

आधी मॅनिफोल्ड गॅस्केटवर साबणाचे पाणी टाकून बाहेरची हवा खेचत नाही याची खात्री केली. मग मेन जेट एक पायरी मोठे. सोलेक्सचे जेट मिमीच्या शंभराव्या भागात मोजतात, ५ ने वाढवले म्हणजे भोक ०.०५ मिमी मोठे. फ्लोट लेव्हल तपासली. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्याही पाहिल्या, एक नळी आतून मऊ पडलेली होती, बदलली.

एअर क्लीनरचे तोंड एक्झॉस्टच्या बाजूला वळलेले होते, ते फिरवून ग्रिलकडे केले. खर्च शून्य. हे आधीच करायला हवे होते.

४ मे, रविवार

दुपारी तीन, सेमिनरी हिल्स: किंचित टकटक, ४५ किमीला बंद. व्हर्नियर मध्यावरच, टायमिंग खरे ५ अंश. प्लग फिकट तपकिरी. सीताबर्डीच्या सिग्नलला पाच मिनिटे उभी, काटा स्थिर. चावी बंद केल्यावर एक-दोन झटके मारते, म्हणून मधल्या काळात ७०० वर गेलेले स्टँडिंग पुन्हा ६०० वर आणले, बंद झाले.

१८ मे, रविवार

नवे पॉइंट बसवून ४०० किमी. ड्वेल ६२.५, स्ट्रोबवर ६००ला साडेतीन अंश. फायबर टाच कॅमवर बसली, गॅप मिटत गेला, टायमिंग अडीच अंश मागे. अपेक्षितच होते. आता टाच गुळगुळीत, यापुढे झीज हळू होईल. गॅप पुन्हा ०.३८, ड्वेल ६०, स्ट्रोब ६. डिस्ट्रिब्युटर फिरवावा लागला नाही. कॅमवर ग्रीस पुन्हा तांदळाएवढे. पुढचे मोजमाप ३००० किमीवर किंवा पावसाळा संपल्यावर, जे आधी येईल ते; पावसात कॅपच्या आत ओल धरते का तेही तेव्हाच पाहायचे.